चारच्या आत सूर्यदर्शन

"ए! रुको! उसमें मत निचोडो!"

पुष्पलता दचकली. पावसाने चिंब झालेला पदर अर्धा पिळून झाला होता, तो तसाच हातात राहिला. धक्क्यावरून चालता चालता नजर सारखी आभाळाकडे... पांढऱ्या कुंपणाचं फाटक उघडं दिसलं, गवतात एक जस्ताचं नळकांडं दिसलं, त्यावर तिने सहज पदर धरला होता.

"काहून ओरडून राह्यला वं वहिनी हा?" ती हळूच म्हणाली. "डबाच तं हाय."

रेनकोट घातलेला एक तरुण धावत येत होता. तो 'काहून' कानावर पडला आणि गडी जागीच थबकला.

"नागपूरचे का तुम्ही?"

"हाव! तांडापेठेतले," जनावहिनी पुढे झाली. "अन् तुम्ही गा?"

"गोळीबार चौक. शालिकराम हेडाऊ. इथल्या हवामान केंद्रात आहे." मग नळकांड्यात डोकावून तो म्हणाला, "हे पावसाचं माप आहे. आज बेटावर किती पाऊस पडला ते मले वर कळवा लागते."

"मंग?" पुष्पलताचा जीव कानकोंडा झाला.

"मंग काय... शेऱ्याच्या रकान्यात लिहीन, एका बाईनं पदर पिळला म्हणून."

"खरंच लिहान?"

"झालं ते लिहाच लागते." तो गंभीरपणे म्हणाला, पण डोळे हसत होते. पुष्पलताने मान खाली घातली. गाल मात्र गरम झाले होते.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या भाद्रपदातली गोष्ट. पुष्पलताचा मोठा भाऊ रुपराव विणकरांच्या सोसायटीची लुगडी घेऊन पोर्ट ब्लेअरच्या प्रदर्शनाला निघाला होता. मागावर बसून दाखवायला बहीण हवी, आणि बहिणीला सोबत म्हणून बायको हवी. तिघं जीटी एक्स्प्रेसने मद्रासला आले आणि तिथून जहाजात बसले. वाटेतल्या या लहानशा बेटावर माल उतरवायला जहाज दिवसभर थांबलं होतं. उतारूंना चार वाजेपर्यंत मोकळीक होती.

पण पुष्पलताला कसली मोकळीक! चातुर्मासात सूर्याचं दर्शन झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असा तिचा नेम. मुळात तो आईचा. आई बारा चातुर्मासांचा नवस बोलली होती. दहा झाले आणि देवाने तिला नेलं. उरलेले दोन लेकीने आपल्या अंगावर घेतले, आणि हा दुसरा. नागपुरात कितीही झड लागली तरी दुपारपर्यंत कुठून तरी ऊन डोकवायचंच. समुद्रावरचं आभाळ असं असतं हे कोणाला ठाऊक? परवापासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आज जहाजाचा जिना उतरताना तिला भोवळ आली, तेव्हा रुपरावने गळ्याची शपथ घातली: चारला जहाजावर चढायच्या आत जेवायचं. सूर्य दिसो, नाहीतर न दिसो.

वहिनीने हे सगळं शालिकरामला केंद्राच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या सांगून टाकलं. त्याने चहा पुढे केला होता, पुष्पलताने नुसतं पाणी घेतलं.

तो उठला आणि दोघींना केंद्राच्या मागे घेऊन गेला. तिथे खांबावर बेलफळाएवढा काचेचा गोळा बसवलेला होता. त्याच्या मागच्या खाचेत निळ्या कागदाची पट्टी होती.

"ऊन पडलं की या गोळ्यातून पट्टी जळते. किती वेळ ऊन होतं ते समजते."

"अन् आज?"

"कोरी. तीन दिवसांपासून कोरीच."

पुष्पलता त्या गोळ्याकडे बघत राहिली. किती शहाणा गोळा! आपल्यासारखाच रोज वाट बघत बसलेला...

"सकाळी कधी सूर्याची वाट पाहत बसतो मीही," तो हळूच म्हणाला, "पण मले भूक धरवत नाही."

ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात माडांच्या वर एक जागा उजळली. दुधाच्या सायीसारखा पांढरा गोल तुकडा. पुष्पलताचे हात आपोआप जुळले, पण ती थांबली.

"तो सूर्य होय का?"

तिच्या पाठीमागून वहिनी हातवारे करू लागली. मान हलवून, डोळे मोठे करून—हो म्हणा, हो म्हणा! शालिकरामने वहिनीकडे पाहिलं. मग पुष्पलताच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. त्याला फार वेळ लागला...

"नाही," तो म्हणाला. "तिथं ढग पातळ आहे नुसता. सूर्य तिकडं पश्चिमेले आहे, ढगाआड."

"अरे देवा!" वहिनी कडाडली. "एक हो म्हणता नाही आलं तुमाले? पोरगी उपाशी मरंल नं माही!"

"मलेही तेच वाटून राह्यलं, वहिनी. पण त्यायनं खरं काय ते विचारलं."

पुष्पलता खांबाला टेकली. वहिनीला वाटलं, आली हिला पुन्हा भोवळ. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते भुकेचं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. मुलाला कन्हानला पक्की नोकरी आहे, असं सगळे सांगत होते. नोकरी नव्हतीच, वर पहिली बायको माहेरी बसलेली. ते उघड झालं आणि लग्न मोडलं. अर्ध्या नात्याला ते ठाऊक होतं. 'तुझ्या भल्यासाठीच नाही सांगितलं वं,' असं नंतर प्रत्येकाने सांगितलं. तेव्हापासून कोणी गोड बोललं की तिला धडकीच भरायची. आणि इथे हा एक परका माणूस... भल्यासाठीसुद्धा खोटं बोलेना.

साडेतीन वाजत आले.

शालिकरामने वाऱ्याची दिशा पाहिली. "बेटाच्या मागच्या बाजूले चला. दहा मिनिटांची वाट आहे. तिकडं ढगाची कडा मोकळी होऊन राह्यली. दिसंनच असं नाही म्हणत मी. दिसला तर तिथूनच दिसंन."

वाट निसरडी होती. वहिनी पुटपुटत मागे, तो पुढे. एका ओहळापाशी त्याने हात पुढे केला—आणि अर्ध्यातच थांबवला. पुष्पलताने एक क्षण त्या हाताकडे पाहिलं... आणि धरला.

किनाऱ्यावर नुसता करडा समुद्र, करडं आभाळ. तिघंही उभे राहिले. पाऊस त्याच्या रेनकोटावर वाजत होता. मग तो वाजायचा थांबला. आणि ढगाखालच्या फटीतून, ओला, पिवळाधमक, खराखुरा... सूर्य!

"हा?" तिने विचारलं.

"हाव. हाच."

तिने वाळूत गुडघे टेकले. "आई..." एवढाच शब्द फुटला. डोळे उघडले तेव्हा ढग पुन्हा मिटलेले होते. पण आता मिटोत बापडे!

शालिकरामने रेनकोटातून डबा काढला. शेंगदाण्याचे दोन लाडू, एक केळं.

"म्हणजे तुम्हाले ठाऊक होतं, दिसंल म्हणून?"

"ठाऊक नव्हतं." तो लाजला. "पण डबा तं घेऊन ठेवला."

ती लाडू खात होती, वहिनी तोंड फिरवून डोळे पुसत होती. तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला.

"दिवाळीनंतर माही बदली नागपूरले आहे," तो घाईघाईने म्हणाला. "तुमच्या घरी आलो तर... चालंन?"

"येऊन काय सांगान?"

"आहे ते. घर भाड्याचं. आईले दमा. मी स्वयंपाक करतो, पण पोळ्या गोल होत नाही. अन् आजपासून..." तो अडखळला. "आजपासून कामात लक्ष लागंन असं वाटत नाही."

पुष्पलताने डब्यातला दुसरा लाडू उचलून त्याच्या हातावर ठेवला.

तिघं परतली तेव्हा जहाजापाशी थांबलेला रुपराव धक्क्यावर येरझारा घालत होता. "जेवली?"

"जेवली, दादा. सूर्य पाहून जेवली."

त्याने मोठ्ठा श्वास सोडला. मग शालिकरामकडे बोट केलं. "अन् हे कोण?"

वहिनी काहीतरी रचून सांगायला तोंड उघडणार, तोच पुष्पलता बोलली. आवाज लहानच, पण थरथर नव्हती त्यात.

"दादा, यायले आपल्या घरचा पत्ता दे. दिवाळीनंतर मले पाहाले येऊन राह्यले."

दीड वर्ष प्रत्येक स्थळाला दाराआडूनच नकार दिलेली बहीण! रुपराव तिच्याकडे पाहतच राहिला. मग तो हसला आणि खिशात पेन शोधू लागला.