सतरा नंबरचं प्रवाळ

माथेरानच्या बाजारात भर दुपारी धुकं उतरलं होतं. जनीला समोरचं चपलांचं दुकानही दिसेना. त्या पांढऱ्यातून एक हात पुढे आला... तिच्या टपरीवरचं प्रवाळ त्यानं उचललं, उलटं केलं आणि थबकला.

"घ्या की साहेब. समुद्राचं फूल. बायकोला आवडंल."

"बायको नाही मला."

"मग होणारीला..."

तो हसला नाही. प्रवाळाच्या बुडाशी पत्र्याची चकती होती – आकडा सतरा. "ही मी बांधली होती, पाण्याखाली. तेव्हा हे जिवंत होतं."

जनीच्या अंगावर काटा आला. "मी दगड इकते, मढी नाय."

तो कर्जतचा वाल्मिक. पर्यटकांच्या एका बेटाभोवती किती प्रवाळ जिवंत उरलंय, याची नोंद ठेवायचा. कुठली जागा राखायची, तो नकाशा याच महिन्यात ठरणार होता. "कुठून तोडतात ते कळलं, तर तिथं पहारा मागता येईल. माल कोण आणतं?"

जनीनं प्रवाळ त्याच्या हातातून काढून जागेवर ठेवलं. आईमागे ही टपरीच तिचं पोट होती.

तो दुसऱ्या दुपारी आला. तिसऱ्याही.

"रोज बघता, घेत काय नाय!"

"बघायला बंदी आहे?"

"कुणाकडं बघता, त्यावर हाय..." मग तिचा आवाज एकदम उतरला. "हसू नका हां. मालाच्या पेटीतून आवाज येतो. लाह्या फुटल्यागत. म्हणून दोन फुलं गणपतीसारखी आरती करून तळ्यात सोडली. म्हटलं, पाण्यात जीव धरतील."

"गोड्या पाण्यात?" तो हसू लागला – आणि मधेच थांबला. "लाह्यांसारखा? जिवंत प्रवाळात पाण्याखाली तसाच आवाज येतो. मेलेलं... गप्प असतं."

दोघांनी पेटीला कान लावले. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं ती.

तड्... तड्-तड्...

लाकूड ओलं, गार लागत होतं. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागला; पण दोघंही हलली नाहीत.

"फुलांना वाटतंय, आपण अजून समुद्रातच हाव," ती पुटपुटली.

"बाकीची आहेत तिथं. पण किती दिवस..."

जनीनं डोळे मिटले. "नागूचा टेंपो. अवसेच्या दुसऱ्या दिवशी शिळफाट्याला माल उतरवतो. ओहोटी लांब जाते तवा बेटाच्या मागल्या अंगाला तोडत्यात."

त्यानं लिहून घेतलं. "जनी, तुमची टपरी..."

"बंद. हे इकवंल का आता माझ्यानं? उद्या हितं येऊ नका."

"का?" त्याचा आवाज पडला.

"माझ्या गावी, पोशीरला या. नामा भोईरांचं घर इचारा – माझा बा. आणि एकटे नका येऊ... तुमच्या आईला घेऊन या."

धुकं पुन्हा दाटलं होतं; त्याचा चेहरा दिसला नाही. हातातली पेन्सिल पडल्याचा आवाज मात्र तिला स्पष्ट ऐकू आला.