टिल्डाचा अर्धा तारा

मार्चमधला भिजका बर्फ अंगावर घेऊनच ती लायब्ररीत शिरली. तिथे कामाला असलेला नेल्स प्रिंटरमध्ये कागद भरत होता.

"घरचा प्रिंटर अर्ध्यातच मेला," ती म्हणाली. "गोधडीवरच्या ताऱ्याचा नमुना आहे, डावा भाग छापला आणि शाई संपली. उजवा तुम्ही छापून द्याल?"

"मला अहो-जाहो करणारं या गावात कुणी नाही. आमचा कुत्रासुद्धा मान देत नाही."

ती हसली. तिच्या पापणीवर बर्फाचा एक कण विरघळत होता... तो बघता बघताच नेल्सनं बटण दाबलं. तिथेच घोळ झाला, पण तो कळायला पुढे बरेच दिवस जायचे होते.

टिल्डा गावच्या शाळेत नुकतीच शिकवायला आली होती. म्हातारे पाद्री निवृत्त होणार म्हणून चर्चच्या बायका त्यांच्यासाठी गोधडी करत होत्या. एकेकीनं एकेक तारा द्यायचा. निळं कापड सगळ्यांना सारखं आणि मोजकंच. या नव्या मुलीला तारा द्यावा का, यावर कॉफीच्या टेबलाशी बराच खल झाला. शेवटी मिसेस ऑसन म्हणाल्या, "देऊ या. बिघडला तर कोपऱ्यात लावू." ते टिल्डाच्या कानावर आलं होतं.

कागदावरच्या रेघांवर कापड शिवायचं आणि मग मागचा कागद फाडून टाकायचा, एवढंच काम. पण तिच्या ताऱ्याच्या दोन अर्ध्या भागांची टोकं जुळेनात. मध्यभागी जुळवावीत, तर कडेला गव्हाच्या दाण्याएवढा फरक. ती घरी शिवायची आणि शाळा सुटल्यावर लायब्ररीच्या खिडकीशी बसून उसवायची.

"उसवायला इथेच का येतेस?" नेल्सनं एकदा विचारलं.

"घरी रडू येतं. इथे बोलायलाही बंदी असते, म्हटलं रडायलाही असेल."

"बोललेलं चालतं. निदान माझ्या पाळीत."

"मग बोल ना," ती मान वर न करता म्हणाली. त्या दिवशी नेल्सनं पुस्तकं चुकीच्या कपाटांत लावली.

शुक्रवारी सकाळी एकानं तक्रार केली, नकाशा लहान छापला जातोय. नेल्सनं संगणकात पाहिलं. पानात मावेल असं आकसून छापायची खूण चालू होती... त्यानंच कधीतरी ठेवलेली. त्यानं टिल्डाचा नमुना पुन्हा तसाच छापला आणि माप तपासायला कोपऱ्यात दिलेल्या एक इंचाच्या चौकोनावर पट्टी ठेवली. चौकोन इंचाला कमी भरला.

तिचं ते ओठ चावणं, ती उसवण, सगळं त्याच्यामुळे. आणि तो शेजारी बसून तिची समजूत काढत होता. शाळेत फोन करावा म्हणून त्यानं रिसीव्हर उचलला, परत ठेवला. सांगितलं तर ती नवा कागद घेऊन जाईल आणि पुन्हा कशाला येईल? नाही सांगितलं तर...

दुपारी ती आली. उरलेलं निळं कापड तिनं टेबलावर पसरलं. "एकदाच पुरेल. उद्या तारा द्यायचाय."

"टिल्डा, थांब..." त्यानं कापडावर हात ठेवला. "तुझ्या शिवणीत चूक नाही. मी छापलेला कागदच लहान आहे. मला आज सकाळी कळलं. फोन करायला हवा होता, पण... धीर झाला नाही."

पिशवीतून तिनं पोलादी पट्टी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"मी काल रात्री मोजला तो चौकोन."

"मग आल्या आल्या का नाही बोललीस?"

"तू बोलतोस का, ते बघायचं होतं."

"आणि नसतो बोललो तर?"

"कागद छापून घेतला असता. वाचायला नेलेली पुस्तकं मात्र टपालानं पाठवली असती."

नेल्सनं खूण काढली, कागद छापला. दोघं एकदमच पट्टीवर वाकले. बरोबर एक इंच. तरी त्याला मान वर करवेना.

"तारा झाला की तू येणार नाहीस," तो पट्टीकडे बघत म्हणाला. "म्हणून धीर होत नव्हता."

"झालाय कुठे अजून?" तिनं कापडाची घडी घातली. "कुलूप लाव आणि चल माझ्याकडे. मी शिवते, तू मागचा कागद काढ. पण हळू... ओढलास तर टाके सुटतात."

"माझे हात थरथरतायत, टिल्डा."

तिनं स्वतःचा हात पुढे करून दाखवला. तोही स्थिर नव्हता.