नाकाड्याचा श्वास

"ठोकळा! ठोकळा लाव लवकर!" आत्या ट्रकच्या खिडकीतून ओरडली.

पानाने हातातला लाकडी ठोकळा मागच्या चाकाखाली सरकवला आणि रस्त्याच्या कडेलाच बसकण मारली. सुट्टी लागून तीन आठवडे झाले होते. बाकीची मुलं सुट्टीत पोहायला शिकतात, मामाकडे जाऊन लोळतात. पाना सुट्टीत ठोकळा लावत होती. लहान असल्यापासून ती आत्याच्या हातात बरोबर मापाचा पाना द्यायची, म्हणून तिचं नावच पाना पडलं. वय बारा. पण या चढणीवर तिला आपण ऐंशीच्या आहोत असं वाटत होतं.

"आत्या, तू ये सावकाश!" शेजारचा मुलगा, भोंगा, ओरडला. त्याला हळू बोलता येत नसे. "आम्ही पुढे जाऊन आंघोळ करतो, जेवतो, एक झोप काढतो. तू पोचलीस की उठव!"

"तोंड आवर, नाहीतर ठोकळ्याच्या जागी तुलाच लावीन!"

"लाव ना! निदान बसायला तरी मिळेल!"

पानाला हसू आलं, पण हसायचेही कष्ट नको वाटले. ट्रकचं इंजिन धापा टाकत होतं आणि मागून डांबरासारखा काळा धूर निघत होता. लांब नाकाचा, जुना, दणकट ट्रक. सगळे त्याला नाकाड्या म्हणत. नव्या ट्रकांना टर्बो असतो, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. नाकाड्याच्या जन्मी तसली चैन नव्हती. तो आपला स्वतःच्या छातीने श्वास घ्यायचा आणि खडी घेऊन डोंगर चढायचा. गेल्या महिन्यापर्यंत न थांबता चढायचा.

"मला एक शंका आहे," तिसरी म्हणाली. ती मेकॅनिकची मुलगी. दिवसाला शंभर शंका काढायची, म्हणून नाव शंका. "ट्रक तोच, चढण तीच, खडीही तेवढीच. मग आत्ताच का थांबतोय?"

"तुझेच बाबा सांगतात ना, वय झालं त्याचं," पाना म्हणाली.

"तीन आठवड्यांत कुणाचं वय होतं?"

पानाने ठोकळा उचलला आणि तिघं पुन्हा ट्रकमागे चालू लागली.

डोंगरावर पाण्याच्या मोठ्या टाकीचं काम चाललं होतं. नाकाड्या तिथे पोचला तेव्हा मुकादम हातातल्या घड्याळाकडे बघत उभा होता.

"बाई, हे असं नाही चालायचं. माझी माणसं खडीची वाट बघत बसतात. शनिवारी शेवटची संधी. भरलेला ट्रक कुठेही न थांबता वर आला, तर काम तुमचं. नाहीतर टर्बोवाल्या गाड्या रांगेत उभ्या आहेत."

परतताना आत्याने डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचलेला एक कागद काढून पानाच्या मांडीवर ठेवला. वसतिगृहाचा फॉर्म होता.

"हे काय गं?"

"काम गेलं तर नाकाड्या भंगारात जाईल. मग मी दुसऱ्याची गाडी चालवायची, लांबच्या रस्त्यावर. महिना महिना घरी येणं नाही. तुला एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवू?" आत्याचा आवाज चिडका नव्हता. चिडायलाही अंगात त्राण लागतं.

पाना चार वर्षांची असल्यापासून आत्याकडे होती. तिने फॉर्मची घडी केली, पुन्हा झडपेत खोचली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रडली नाही. दमलेल्या माणसाला रडूही लवकर येत नाही.

शंकाच्या बाबांना सगळं गाव डॉक्टर म्हणायचं. ते स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचे. गुरुवारी सकाळी त्यांनी तेच केलं. नाकाड्या गॅरेजात मंद गुरगुरत होता.

"ठोका एकदम सरळ आहे," डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले. "वय झालं, ताई. छातीत दम राहिला नाही. डिझेलचा स्क्रू अजून अर्धा फेरा आत घेतो, डिझेल जास्त जाईल."

"दोनदा घेतलात की! काळा धूर तेवढा वाढला."

"मग टर्बो बसवा. एका मोडलेल्या ट्रकचा मिळतोय."

"त्याच्या खर्चात दुसरा नाकाड्या येईल! आणि त्याच्या दाबाने हे जुनं इंजिन फुटलं तर?"

"मग आपण काय करणार? वय झालं."

मोठ्या माणसांचा हा लाडका मंत्र. वय झालं म्हटलं की वाकून बघायला नको, हात काळे करायला नकोत आणि आपली चूक शोधायला तर नकोच नको!

"काका, एकदा जोरात रेस करून बघा ना," पाना म्हणाली. "चढणीवर असतं तसं."

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि छताकडे डोळे फिरवले. वर त्यांची आई राहायची. या गॅरेजचा पहिला नियम भिंतीवर रंगवलेला होता: 'इंजिन रेस करू नये. वर आजारी माणूस आहे.' रंगाचे पोपडे निघाले होते, पण नियम शाबूत होता. इथे इंजिनांनी फक्त गुरगुरायचं.

डॉक्टर आणि आत्या चहाला गेले. तिघं नाकाड्याच्या उघड्या बॉनेटसमोर उभी राहिली.

"दम नाही म्हणतात," पाना पुटपुटली. "चुलीत लाकडं कोंबली आणि वारा लागला नाही तर काय होतं?"

"धूर! डोळे जातात!" भोंगा गरजला.

"आणि जाळ?"

"होत नाही," शंका म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे डिझेल भरपूर जातंय, पण हवा..."

"हवा कमी पडतेय! गाळणी तुंबली असणार!"

तिघांनी मिळून हवेच्या गाळणीचं झाकण उघडलं. गाळणी नवी होती. स्वच्छ. पांढरीशुभ्र. पानाने झाकण परत लावलं आणि टायरवर बसली. संपलं. तिच्या डोळ्यांपुढे तो घडी केलेला कागद आला.

"पाऽऽऽम!"

पाना दचकून उठली. भोंगाने कोपऱ्यातला रबरी पाइपचा वीतभर तुकडा तोंडाला लावून कर्णा वाजवला होता.

"कळत नाही का रे तुला? इथे आमचा जीव चाललाय!"

"म्हणून तर वाजवलं! जिवंत आहेस का बघितलं!" भोंगाने खोडी म्हणून पाइपचं दुसरं टोक तळहाताने बंद केलं आणि आतली हवा जोरात ओढली. पाइप चपाती होऊन त्याच्या तोंडाला चिकटला. "उंऽऽ! उंऽऽ!"

शंका हसून हसून खाली बसली. पाना मात्र हसली नाही. ती त्या चपट्या पाइपकडे टक लावून बघत होती. मग तिने नाकाड्याच्या नाकात बघितलं. गाळणीपासून इंजिनापर्यंत तसाच काळा, गुळगुळीत पाइप गेला होता.

"शंके, हा तुकडा कशातला उरलाय?"

"बाबांनी नाकाड्याचा पाइप बदलला ना! जुना उंदरांनी कुरतडला होता. पाण्याच्या पंपाचा पाइप पडून होता, माप बरोबर बसलं, म्हणून तोच लावला."

"कधी?"

"सुट्टी लागली त्या..." शंकाने जीभ चावली. "तीन आठवड्यांपूर्वी!"

मग भंगाराच्या ढिगात तिघांची तिहेरी डुबकी! जुना पाइप सापडला. उंदरांनी खाल्लेल्या रबरातून आत गुंडाळलेली तार दिसत होती, बरगड्यांसारखी. नव्या पाइपला बरगड्याच नव्हत्या. पंपातून पाणी बाहेर ढकलायला तो पाइप उत्तम. पण नाकाड्या हवा ओढतो. हळू ओढली तर पाइप गोल. जोरात ओढली की...

"चपाती!" भोंगा किंचाळला. "चढणीवर नाकाड्याचं नाक दाबलं जातंय! वर त्यालाच म्हातारा म्हणतात!"

"पण बाबा मानणार नाहीत," शंका हळूच म्हणाली. बाबांची चूक काढायला तिला नको वाटत होतं. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाहीच. आणि बघायचं तर रेस करावी लागेल."

तिघांनी भिंतीवरची पाटी वाचली. मग पाना म्हणाली, "त्या पाटीबद्दल आजीला कुणी विचारलंय का?"

"आजीला? तिच्यासाठीच तर पाटी आहे."

"म्हणूनच विचारते."

वर आजी खिडकीजवळ वाटाणे सोलत बसली होती.

"आजी," शंका तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "खाली इंजिनाचा आवाज केला तर तुला त्रास होईल?"

"काय?"

"आवाज! त्रास!"

"अगं, मोठ्याने बोल की. तो भोंगा कुठाय? त्याचं तेवढं ऐकू येतं मला."

भोंगाची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गळ्याची कुणाला गरज पडली होती. "आजी! खाली इंजिन रेस केलं तर चालेल काऽऽऽ?"

"न चालायला काय झालं? बारा वर्षांपूर्वी ताप आला होता, तेव्हा एकदा म्हटलं होतं, जरा हळू. त्यानंतर गॅरेज एकदम गप्प. मला वाटलं, माझे कान गेले आणि पोराचं कामही गेलं! मी म्हातारी आहे बाई, मेलेली नाही. विचारायचं तरी!"

डॉक्टर चहाहून परतले तेव्हा आजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. मुलांनी नाकाड्याच्या पाइपवर खडूने एक जाड पांढरी रेघ ओढली होती.

"आई? तू खाली कशाला आलीस?"

"तुझी पाटी बघायला. अक्षर चांगलं आहे. आता पुसून टाक."

"पण आई, तुला त्रास..."

"बारा वर्षं कुणी बोललं नाही माझ्याशी त्या पाटीमुळे! सगळे पाय न वाजवता येतात आणि जातात. चल, कर इंजिन सुरू!"

डॉक्टरांनी आत्याकडे बघितलं. आत्याने मुलांकडे बघितलं. पाना फक्त एवढंच म्हणाली, "आत्या, तू रेस कर. काका, तुम्ही डोळे मिटू नका. त्या पांढऱ्या रेघेकडे बघा. हात मात्र लांब ठेवा."

नाकाड्या सुरू झाला. रेघ सरळ होती.

"यात काय बघायचं?" डॉक्टर म्हणाले.

"दाब, आत्या!"

इंजिन गर्जलं. बारा वर्षांत या भिंतींनी तसला आवाज ऐकला नव्हता. टेबलावरचे पाने नाचू लागले. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाइप मध्येच खोल दबला आणि पांढरी रेघ आत गडप झाली! गर्जना धापेत बदलली, मागून काळा लोट निघाला. आत्याने पाय काढला. पाइप फुगला. रेघ परत आली.

"अजून एकदा," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा तेच.

मग ते खाली बसले. सगळ्यांना वाटलं, आता ओरडणार. त्यांनी मात्र जुना पाइप उचलला, त्याच्या तारेवरून बोट फिरवलं आणि शंकाला विचारलं, "हे तुम्ही शोधलंत?"

"सॉरी, बाबा."

"सॉरी तू नाही म्हणायचं. मी नाक दाबलं त्याचं. वर तोंडात डिझेल ओतत राहिलो आणि म्हटलं, वय झालं."

"माझ्याकडे बघून म्हण ते," आजी पायरीवरून म्हणाली. कान गेलेल्या माणसाला नेमकं हवं ते ऐकू येतं.

शुक्रवार घामात गेला. डॉक्टरांनी मधल्या लांबीसाठी पक्क्या पत्र्याचा पाइप बनवला, दोन्ही टोकांना तारवाल्या रबराचे आखूड तुकडे लावले, आतून पुसून लख्ख केला. हवेच्या गाळणीचं तोंडही त्यांनी पुढच्या जाळीपर्यंत नेलं. इंजिनाजवळची तापलेली हवा विरळ असते, बाहेरची गार हवा दाट. तेवढाच दम जास्त. डिझेलच्या स्क्रूवर जुनी पिवळी खूण होती. त्यांनी स्क्रू परत त्या खुणेवर आणला. मुलांनी ट्रकच्या हौद्यातून तुटक्या साखळ्या, गंजलेले पत्रे, एक दरवाजा असा ढीगभर कचरा उतरवला.

"हा दरवाजा कुणाचा?" भोंगाने विचारलं.

"माहीत नाही," आत्या म्हणाली. "चार वर्षं फिरवतेय त्याला."

शनिवारी सकाळी चढणीच्या पायथ्याशी खडीने भरलेला नाकाड्या उभा राहिला. मुलं नेहमीसारखी मागे. पानाच्या हातात ठोकळा. या चढणीच्या टोकाला एकतर घर होतं, नाहीतर वसतिगृह.

आत्याने गिअर टाकला. नाकाड्या हलला. मुलं चालू लागली. पहिलं वळण. मुलं भरभर चालू लागली. दुसरं वळण. मुलं पळू लागली.

"अरे, थांब जरा!" भोंगा ओरडला. "आत्याऽऽ! आम्ही राहिलो!"

"नको थांबू!" पाना त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "अजिबात नको थांबूऽऽ!"

नाकाड्याच्या मागून फिकट धुराची एक रेघ निघत होती, तेवढीच. तिसऱ्या वळणावर ती दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाज वर वर जात राहिला. एकसारखा. कुठेही न अडखळता. मुलं रस्त्याच्या मध्यावर उभी राहून ऐकत राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं की पुढची सगळी चढण आता पायी चढायची आहे.

"शंका आहे," शंका धापा टाकत म्हणाली. "आपण जिंकलो ना? मग पायच का दुखतायत?"

तास उलटून गेल्यावर तिघं टाकीपाशी पोचली. मुकादमाने स्वतः पाण्याचे पेले पुढे केले.

"टर्बोवाल्यांना मी परत पाठवलं," तो म्हणाला. "पोरांनो, बाईंनी सांगितलं मला, मोठमोठे मिस्त्री जे बघायचं विसरतात ते तुम्ही बघितलंत. शाबास!"

"मिस्त्रींना सांगा," भोंगा म्हणाला, "गॅरेजच्या भिंतीवर आता नवी पाटी आहे. 'आधी हवा बघा, मग वय विचारा.' डॉक्टरांनीच रंगवलीय!"

आत्या नाकाड्याच्या पायरीवर बसली होती. डोळे लाल, केस धुळीने पांढरे. तिने पानाला जवळ ओढलं. शाबासकी म्हणून काहीतरी बोलायला गेली, पण त्याऐवजी तिला लांबलचक जांभई आली.

"झोप तू," पाना म्हणाली. "खडी उतरायला वेळ आहे."

"आधी ऑइल बघते. पुसायला काहीतरी दे."

पानाने इकडेतिकडे शोधलं. फडकं कुठेच नव्हतं. आत्याने उठून ट्रकच्या झडपेत हात घातला, घडी केलेला कागद काढला, ऑइलची पट्टी त्यावर नीट पुसली आणि कागदाचा बोळा करून पानाच्या हातात दिला.

"टाकून दे," ती म्हणाली. "आणि तो ठोकळा वर ठेव. त्याच्यावर डोकं टेकते."