पान फिरवतात, वेल नाही

मी पाणी शिंपडलं पानांवर, आणि पडलं ते आप्पांच्या नावावर. यात माझी काय चूक, हे मी आजवर विचारत आले आहे.

मार्गशीर्षातली सकाळ होती, बोटं गारठवणारी. बेंबळीच्या आमच्या घराच्या ओसरीवर विड्याच्या पानांच्या डाली मांडल्या होत्या. आमचा पानमळा होता, आणि पानांचे लाड तान्ह्या लेकरासारखे करावे लागत. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, खालचं पान वर आणि वरचं खाली करायचं. मी ओंजळभर पाणी घेतलं आणि न बघताच फेकलं. न बघता, कारण त्या दिवसांत आमच्या दारात येणारा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या गटाचाच असे, आणि मला ती तोंडं बघायचा वीट आला होता.

"अहो... अहो, यादी —"

पायरीवर एक किडकिडीत तरुण उभा होता. कपाळावर विभूतीची पुसट रेघ, गुडघ्यापर्यंत धूळ, हातात उघडी वही. वहीवरून शाईचा ओघळ त्याच्या मनगटावर उतरत होता.

"कुणाचं नाव भिजलं?" मी विचारलं.

"माणिकप्पांचं."

"मग चालतंय. आमच्या आप्पांचं नाव तसंबी एका जागी ठरत न्हाय."

तो हसला. मोठ्यानं नाही, दमलेला माणूस हसतो तसा, अर्धाच. म्हणाला, "मी सोमलिंग. गाव ईट. धाराशिवच्या तहसिलीत कारकून हाय. मतदारांची यादी करत फिरतोय."

"पाणी देऊ का?"

"आत्ताच दिलंत की."

मी पदर तोंडाला लावून आत पळाले. चुलीपुढं बसलेल्या अव्वानं, माझ्या आईनं, विचारलं, "कोण हाय गं?" मी म्हटलं, "कुणाचंच न्हाय." मग माझ्याच लक्षात आलं, दोन महिन्यांत असं उत्तर मी पहिल्यांदा दिलं होतं.

ते सेहेचाळीस साल. निजाम सरकारनं कायदेमंडळाची निवडणूक काढली होती. स्टेट काँग्रेस म्हणाली, ही निवडणूक म्हणजे धूळफेक, बहिष्कार घाला. दुसरे म्हणाले, मिळतंय ते पदरात पाडून घ्या, मत द्या. आमच्या गावात महालिंगप्पा पाटील मत देणाऱ्यांचे, आणि हिंमतराव देशमुख बहिष्कारवाल्यांचे. झालं, गाव उभं चिरलं. सोमवारच्या भजनाचा मृदंग पाटलांच्या गटात राहिला आणि टाळ हिंमतरावांच्या. बिचारा महादेव दोन महिने नुसता बसून होता.

आणि आमचे आप्पा? आमची पानं बार्शीच्या बाजारात जात. बार्शी म्हणजे सरहद्दीपलीकडं, इंग्रजी मुलखात. तिथले व्यापारी सारे पांढऱ्या टोपीचे. ते आधी विचारत, बहिष्कारात हाय ना, आणि मग डालीला हात लावत. पण बार्शीला जायचं तर वाटेत निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, आणि तिथला शिपाई पाटलांच्या शब्दाशिवाय गाडी सोडत नसे. आप्पांना नाकाही हवा होता आणि बाजारही. म्हणून ते जाताना पाटलांचे असत आणि येताना हिंमतरावांचे. लोक त्यांना हसत. मला मात्र त्यांची कीव यायची. झोपेतसुद्धा ते या कुशीवरून त्या कुशीवर होत.

कुणी टोकलं तर त्यांचं उत्तर तयार असे.

"भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? न फिरवल्यामुळं. माणसानंबी फिरत ऱ्हावं, शिवे."

मी, शिवकांता, ऐकून घेई आणि पानं फिरवी.

पहिल्या दिवशी आप्पांनी यादीतलं ते भिजलेलं नाव पुन्हा लिहायला लावलं. चार दिवसांनी बार्शीहून आले आणि म्हणाले, नाव खोडा. सोमलिंग खोडायला आला. पुन्हा नाक्यावर गाडी अडली, तेव्हा म्हणाले, लिहा. तो लिहायला आला. दर वेळी आप्पा मळ्यात, अव्वा चुलीपाशी, आणि ओसरीवर मी.

"तुमच्या आप्पांनी माझी अर्धी शाई संपवली," तो तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला.

"मग येऊ नका."

"असं कसं? सरकारी काम हाय." तो डालीशेजारी टेकला. एक पान उचलून उजेडात धरलं आणि अलगद परत ठेवलं, उलटं. मी ते सुलट केलं.

"चुकलं का?"

"देठ एकीकडं लागतात सगळे. यादी लिहिताव, एवढं कळंना?"

"यादी सोपी हाय. पान अवघड." जरा थांबून तो हळूच म्हणाला, "यादीत बायकांची नावं लई थोडी. पण तुमचं नाव... मला नीट लिहिता येतंय. घरी लिहून बघितलं."

नेमकं त्याच वेळी मला पानांना पाणी मारायची आठवण झाली, आणि या वेळी मी बघून मारलं. त्याची बाही भिजली. तो उठला नाही.

मला तो आवडला होता. उगाच आडवळणानं कशाला सांगू? त्याच्याजवळ बसलं की गावातला कलकलाट कुणीतरी दार लावून बाहेर ठेवल्यासारखा वाटे. पण त्याच आठवड्यात आप्पांनी माझीच सोयरीक काढली. पाटील म्हणाले होते, "माणिकप्पा, तुमच्या शब्दाचा भरवसा न्हाय. पोरगी माझ्या पुतण्याला द्या, मग तुमी आमचे." आप्पांनी हो म्हटलं. सोमवारी सुपारी फोडायची ठरली. आमच्याकडं सुपारी फुटली आणि जमलेल्यांनी तिचे तुकडे तोंडात टाकले, की तो शब्द परत घेता येत नाही. राजानंही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला नको. सकाळी सोमलिंग आला. डोळे त्याचेही लाल.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "सोमवारीच यादी बंद होतीया. मग मी धाराशिवला."

"बरं."

"बरं काय?"

"मग काय म्हणू?"

तो वहीच्या कडेशी चाळा करत बसला. "मला कोण पोरगी देणार? मी ना पाटलांच्या कामाचा, ना देशमुखांच्या."

"विचारलंत का कुणाला?"

त्यानं वर बघितलं. "विचारू?"

मी पानांकडं बघत म्हटलं, "सोमवारच्या आत इचारावं माणसानं... इचारायचंच असंल तर."

तेवढ्यात आप्पा मळ्यातून आले आणि म्हणाले, "आलाव व्हय? बरं झालं. नाव खोडा." आदल्या दिवशी बार्शीच्या व्यापाऱ्यांनी माल परत केला होता म्हणे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सोमवारी दुपारी आधी पाटलांची माणसं आली. पुतण्या फेटा बांधून. आप्पांनी घोंगडी अंथरली, पण त्यांचा चेहरा पानावर बुरशी यावी तसा पांढरट पडला होता. गुळपाणी फिरतंय न फिरतंय, तोच दारात हिंमतराव देशमुख. मागं त्यांच्या गटातला तेलाचा दुकानदार, आमच्या जातीतलाच, आणि त्याचा मुलगा. तोही फेटा बांधून.

आप्पांनी दोघांनाही शब्द दिला होता. बार्शीच्या बाजारासाठी हिंमतरावांना हो म्हटलं होतं, आणि पाटलांना नाही म्हणायचं धाडस झालं नव्हतं. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता सोमवार उजाडला होता. ताटात दोन सुपाऱ्या, आणि मुलगी एक.

"माणिकप्पा, ह्यो काय परकार हाय?" पाटील म्हणाले.

"मीबी तेच इचारतोय," हिंमतराव म्हणाले. ते म्हातारे होते, काठी टेकत आले होते आणि बसायला जागा शोधत होते. जागा नव्हती. अर्धी घोंगडी रिकामी होती, पण ती पाटलांच्या बाजूची.

शब्दाला शब्द वाढत गेला. कुणाच्या बैलाचं पाणी कुणी तोडलं, भजनाचा मृदंग कुणी लपवला, सगळं निघालं. माझं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. आप्पा मधे उभे. पाटील बोलले की पाटलांकडं मान हलवत, हिंमतराव बोलले की हिंमतरावांकडं. पायरीवर सोमलिंग कधी येऊन उभा राहिला होता, कुणाला कळलं नाही. आप्पांची शेवटची सही घ्यायची होती त्याला.

मी आतल्या दारात होते. मला भीती वाटत होती. पण त्यापेक्षा मी दमले होते, खूप दमले होते, आणि दमलेल्या माणसाला भीती फार वेळ धरून ठेवता येत नाही. मी बाहेर आले.

"आप्पा, पान फिरवतात," मी म्हटलं. "वेल न्हाय. वेल शेवरीच्या झाडाला एकदाच बांधतात. दोनदा सोडून दोनदा बांधली तर वाळती. हे तुमीच शिकिवलंय मला."

आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी.

"ह्यांच्या घरी गेले तर ते तुमचा माल अडिवणार, त्यांच्या घरी गेले तर हे. मला दोन्हीकडं न्हाय जायचं."

"मग कुणाकडं?" पाटलांनी विचारलं.

मी खाली बघितलं. तेव्हा सोमलिंगनं वही पायरीवर ठेवली आणि वर आला.

"ईटला माझं घर हाय. आई रुद्रम्मा, चार एकर रान, ही नोकरी. जात तुमचीच. मी कुण्या गटाचा न्हाय, आणि पुढंबी व्हायचा न्हाय. शिवकांता मला द्या. आधीच इचारायचं होतं... धीर झाला न्हाय."

पुतण्या उसळला. पण पाटलांनी त्याचा हात दाबला. ते हिंमतरावांकडं बघत होते, आणि हिंमतराव त्यांच्याकडं. दोघांच्या मनात एकच हिशेब चालला असावा: आपल्याला नाही तर नाही, पण त्याला तरी मिळत नाही ना.

"पोरगं बरं दिसतंय," हिंमतराव म्हणाले.

"यादीत गडबड न्हाय केली त्यानं," पाटील नाइलाजानं म्हणाले. "म्या सांगूनबी."

"मला बी न्हाय म्हणाला व्हता."

अव्वा आयुष्यात चार पुरुषांत कधी बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. तिनं ताटातली एक सुपारी उचलून कनवटीला लावली, दुसरी अडकित्त्यात धरली आणि कट्कन फोडली. एक तुकडा पाटलांच्या हातावर ठेवला, एक हिंमतरावांच्या. दोघांनी तोंडात टाकला. पाटलांनी जरा सरकून घोंगडीवर जागा केली, आणि म्हातारा हुश्श करत टेकला. मग दोघं उठले आणि वेगवेगळ्या गल्ल्यांनी घरी गेले. गाव काही एक झालं नाही. मृदंग होता तिथंच राहिला.

महिन्याभरात लग्न झालं आणि मी ईटला आले.

मतदानाच्या दिवशी दिवस उगवायच्या सुमारास आप्पा आमच्या दारात, डोक्यावर पानांची डाल. दोन रात्री बैलगाडीनं प्रवास करून आले होते.

"आज गावात ऱ्हायलो असतो, तर कुणाकडं तरी जावं लागलं असतं," ते म्हणाले. "पोरी, जरा पडू दे."

ते ओसरीवर आडवे झाले. मी त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली. दिवसभर ते एकाच कुशीवर झोपले.

दिवेलागणीला सोमलिंग ईटच्याच चावडीतल्या मतदानाच्या कामावरून परतला. सासऱ्यांना बघून चपला हातात घेऊन आत आला, आणि न बोलता डालीच्या पलीकडं बसला. मी पाणी मारत होते, तो पानं फिरवत होता. देठ सगळे एकीकडं. त्याच्या बोटांची शाई पाण्यात हळूहळू उतरत होती.

"एक सांगायचं ऱ्हायलंय," तो कुजबुजला. "रागवायचं न्हाय."

"बोला."

"यादीत नाव लिहायला, खोडायला... दारात यावं लागत न्हाय. चावडीत बसूनच होतंय ते काम. मी एकदाच यायचं होतं."

मी एक पान सुलट केलं. आप्पा घोरत होते.

"ठाऊक हाय," मी म्हटलं. "शेजारच्या घरी तुमी एकदाच गेलावता."