तिसरी काचपट्टी

"अहो बाई! ते मूळ ओढू नका!"

खालून एवढ्या जोरात ओरडा आला की शिडीवर चढलेल्या तिच्या हातून खुरपं निसटलं, आणि त्याच्या मागोमाग ओंजळभर माती ओरडणाऱ्याच्या डोक्यावर पडली. केसांत माती, चष्म्यावर माती, शर्टाच्या कॉलरीत माती. तिला हसू आवरेना.

"ओरडता कशाला मग? माळीण आहे मी इथली. तण काढायचाच पगार मिळतो मला!"

"तण काढा की! पण जुन्या भिंतीतलं मूळ उपटायचं नसतं. कापायचं आणि तिथंच सुकू द्यायचं. उपटलंत तर त्याच्याबरोबर दगडही येतो... आणि खाली मी उभा आहे."

"जुन्या भिंतीचा फार कळवळा दिसतो तुम्हाला."

"मला त्याचा पगार मिळतो," चष्मा पुसत तो म्हणाला.

झालं! भांडणानं झालेली ओळख लवकर सुटत नाही म्हणतात, तसंच झालं.

बागेच्या मधोमध तो पडका किल्ला होता. किल्ला कसला, तीन भिंती आणि एक बुरूज. बुरुजाला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. तो वाढतोय की थांबलाय, हे बघायला याला पाठवलं होतं. त्यानं तड्यावर काचेच्या पाच पट्ट्या आडव्या बसवल्या, त्यांची दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की केली आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत केसभर जरी सरकली, तरी काच फुटणार. सहा महिने दर गुरुवारी येऊन बघायचं. पाचही शाबूत राहिल्या तर बुरूज लोकांना उघडा. एक जरी फुटली, तर बुरूज बंद आणि पुन्हा सहा महिने तेच. बागेत सगळे त्याला 'काचवाले' म्हणू लागले.

शिडी अवजारांच्या खोलीत असायची आणि किल्ली तिच्या कमरेला. तेव्हा दर गुरुवारी तो वर, आणि शिडी धरून ती खाली.

तिच्या बाबांनी त्या बुरुजावर तीस वर्षं पहारा केला होता. आता गुडघे गेले होते, पण रोज काठी टेकत यायचे आणि बुरुजाखालच्या बाकावर बसायचे. "उघडला की एकदा वर जाईन," ते म्हणायचे. "मग खुशाल डोळे मिटीन." काचवाले आले की बाबा विचारायचे, "काय, सरकतेय का आमची भिंत?" आणि तो दर वेळी म्हणायचा, "जागची हलत नाही बघा, बाबा."

एका गुरुवारी पावसाची सर आली. दोघं पडक्या कमानीखाली उभे राहिले. थर्मासला झाकण एकच, त्यामुळे चहा आळीपाळीनं.

"पाचही शाबूत?" तिनं विचारलं.

"पाचही."

"काच म्हणजे नाजूक प्रकरण, नाही का?"

"काच नाही, तडा नाजूक असतो. त्याला उगाच हात लावायचा नसतो."

"आणि माळिणीच्या हाताला?"

त्याचे कान लालभडक झाले. झाकण परत देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली. घरी जाऊन ती उगाचच गुणगुणत होती, तेव्हा बाबा म्हणाले, "आज गुरुवार वाटतं!"

असे गुरुवार सरत गेले. शेवटून दुसऱ्या गुरुवारी तो शिडीवरून उतरला आणि हात झटकत म्हणाला, "पुढच्या वेळी शेवटचं. साहेबही येणारेत. त्या दिवशी मला तुमच्याशी... थोडं बोलायचंय."

"आत्ता बोला की."

"अं हं. आधी काचा सुखरूप पार पडू देत."

प्रेमात पडलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. तिला ऐकू आलं ते फक्त 'शेवटचं'. बोलायचंय म्हणजे काय, निरोपच घ्यायचा असणार! आठवडाभर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. सहा महिन्यांत आपण काहीच बोललो नाही, तोही बोलला नाही, आणि आता तो जाणार. आणखी सहा महिने मिळाले असते तर...

बुधवारी संध्याकाळी बाग रिकामी झाल्यावर तिनं शिडी काढली. वर चढली आणि खुरप्याच्या मुठीनं तिसरी पट्टी ठोकली. एकदाच, हलकेच. टिक्.

गुरुवारी साहेब आले. काचवाले वर चढले. पहिली, दुसरी... तिसरीपाशी थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी खाली पाहिलं. शिडी धरलेल्या तिच्या हातांकडे.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"तिसरी फुटलीय, साहेब."

"कशानं?"

तिनं शिडी आणखी घट्ट धरली.

"भिंत सरकली असावी," तो म्हणाला, आणि वहीत तेच लिहून त्यानं खाली सही केली.

क्षणभर तिचं मन आनंदानं नाचलं, बरं का. लाज वाटावी असा तो आनंद होता. पण साहेबांचा आवाज चढला, "सहा महिने 'स्थिर, स्थिर' लिहिलंत ते काय डोळे मिटून? उद्या शंभर माणसं वर चढली असती!" त्यांनी त्याच्या हातातली वहीच काढून घेतली. दुपारपर्यंत बुरुजाभोवती पत्रे लागले. आठ दिवसांत हुकूम आला. बुरुजासाठी दुसरा माणूस येणार, आणि काचवाले दूरच्या कचेरीत, फायलींवर.

पेटी घेऊन तो फाटकाबाहेर पडत होता, तेव्हा ती धावत आली. धाप लागली होती, तरी एका दमात बोलली, "ती मी फोडली. तुम्ही जाऊ नये म्हणून. मला तुम्ही हवे होतात... दुसरं काही नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "भिंत सरकली की काच तड्याच्या रेषेत सरळ तुटते. ठोकली की चांदणी पडते. वर चढल्या चढल्या दिसली मला."

"मग बोलला का नाहीत?"

"शिडीची किल्ली कोणाकडे असते? साहेबांनी तिथल्या तिथं घरी बसवलं असतं तुला."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणत होता, आणि तेही आज.

"मी आत्ताच्या आत्ता जाते साहेबांकडे—"

"आणि सांगशील काय? मी खोटं लिहून खाली सही केली, हेच ना? मग तुझीही नोकरी जाईल, माझीही."

तिनं विचारलं, "त्या दिवशी काय बोलायचं होतं?"

तो फाटकाच्या कडीकडे बघत राहिला. "बुरूज उघडला की त्याची देखभाल माझ्याकडे येणार होती. कायमची, इथंच. मी बाबांशी बोलणार होतो... तुझ्याविषयी."

"मग आता बोला! मी तिकडे येईन तुमच्याबरोबर. कुठंही येईन."

"राग नाही माझा तुझ्यावर," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "पण आजवर जे दिसलं तेच लिहिलं मी. एवढंच काय ते माझं होतं. ती एक ओळ तुझ्यासाठी खोटी लिहिली, आणि वेळ आली तर पुन्हाही लिहीन. पण तुझ्याकडे बघितलं की तीच ओळ दिसते गं... रोज उठून नाही बघवायची मला."

तिनं त्याची बाही धरली होती. त्यानं ती हळूच सोडवली, जुन्या भिंतीचा दगड हलू नये अशा बेतानं, आणि तो गेला.

नवा माणूस आला. त्यानं नवी तिसरी पट्टी बसवली. तो महिन्यातून एकदा येतो आणि कुणाशी बोलत नाही. पण गुरुवार आला की ती पत्र्याच्या फटीतून आत शिरते आणि पाचही काचा बघून येते. बाबांचं बाक आता पत्र्याच्या बाहेर सरकवलंय. तिथून बुरुजाचा नुसता माथा दिसतो.

"मी काही वर जात नाही आता," परवाच्या गुरुवारी बाबा म्हणाले. "काचवाले बिचारे चुकलेच म्हणायचे. आज फुटली का गं एखादी?"

"नाही, बाबा. पाचही शाबूत आहेत."

बाबा विचारात पडले. "म्हणजे भिंत हललीच नाही? मग चुकलं कोण?"

ती त्यांच्या शेजारी बसली. "मी," ती म्हणाली, आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडू लागली.