झाडामागचा हात

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कोणाला पटवायला बसलेली नाही. जे घडलं ते माझ्याच बाबतीत घडलं, आणि रात्रीही नाही. भर दुपार होती. फक्त जंगल इतकं दाट होतं की खाली दिवेलागणीची वेळ वाटत होती.

माझा मोठा भाऊ झाडांचे फोटो काढतो. सुरुवात शहरातल्या बागांपासून केली, मग जंगलं. खोड किती जाड आहे ते फोटोत कळावं म्हणून त्याची एक पद्धत होती. कॅमेरा स्टँडवर, टायमर सुरू, आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी खोडाला मिठी मारायची. पुढे हातात हात, मागेही हातात हात. बागेत लोक हसायचे. वहिनी म्हणायची, "मला नाही कधी अशी मिठी मारली यांनी."

माझं शिवणकामाचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी मी दादाबरोबर जायचे.

त्या दिवशीचं झाड प्रचंड होतं. आजूबाजूला एक पाखरू बोलत नव्हतं. दादाने टायमर लावला आणि धावत आला. पुढे त्याचा डावा हात माझ्या उजव्या हातात आला. दुसरा हात मी खोडामागे ताणला. नुसती साल लागत होती...

मग बोटं लागली.

गार, ओलसर. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पोचलो बघ," दादा पलीकडून म्हणाला.

कॅमेरा वाजला. माझा हात सुटला. दादाने नेहमीसारखा माझा शिवणकामाचा टेप घेऊन खोडाचा घेर मोजला. त्याने पुन्हा मोजलं.

"आपण दोघं याला पुरणारच नाही. मागे हातभर जागा राहते."

"मग तू माझा हात कसा धरलास?"

"मी कुठे? तूच माझा धरलास."

आम्ही परत उभे राहिलो. खांदे दुखेपर्यंत ताणलं. मागे फक्त साल होती.

सामान कसंबसं भरलं. गाडीत बसताना माझं लक्ष गेलं. दादाचा उजवा हात अर्धवट मिटलेला होता... कोणाचा तरी हात धरल्यासारखा.

तो पुन्हा उघडलाच नाही.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मालिश झालं. हाताला काही झालेलं नाही, असं सगळे सांगत. हात मात्र बर्फासारखा गार. शर्टाची बटणंही वहिनी लावून द्यायची. कॅमेरा कपाटात गेला, झाडांचं पुस्तक अर्ध्यावर राहिलं. ज्याचं पोट त्या हातावर होतं तो माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. मला ते बघवेना.

एकदा तो हळूच म्हणाला, "छोटे, दुखत नाही गं. पण पलीकडून कोणीतरी धरलंय. झोपेत ओढतं."

जिथे धरलं तिथेच सुटेल, असं वाटून दुसऱ्याच दिवशी मी त्याला घेऊन त्या झाडापाशी गेले. वहिनीला काही सांगितलं नाही.

दादाने खोडाला मिठी मारली. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग त्याचा खांदा खोडावर दाबला जाऊ लागला... हळूहळू. गाल सालीला टेकला. श्वास घुसमटला.

"छोटे, सोडव गं."

मी त्याची कंबर धरून जीव खाऊन ओढलं. तो तसूभर हलला नाही. मग मला एकच सुचलं. त्याला चिकटून उभी राहिले आणि माझा उजवा हात त्याच्या हातावरून मागे सरकवला.

"याला सोड," मी म्हणाले. "मी आहे."

गार बोटांनी माझी बोटं चाचपली... एकेक करून.

दादा मागे कोसळला. त्याचा हात उघडा होता. तो लहान मुलासारखा रडायला लागला. माझाही हात सहज निघाला. वाटलं, सुटलो.

घरी पोचेपर्यंत माझा हात मिटला होता.

दादाचं पुस्तक आता पूर्ण होत आलंय. माझं दुकान बंद आहे, कारण कात्री धरता येत नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण दादा माझ्या नजरेला नजर देत नाही, ते लागतं.

हे सगळं डाव्या हाताने लिहिलंय. कालपर्यंत ते मला नुसतं धरून होतं. आज सकाळपासून ओढतंय.

दादाच्या ते लक्षात आलंय. बाहेर तो गाडीची किल्ली शोधतोय. मघाशी दारातून म्हणाला, "चल छोटे, आता माझी पाळी."

किल्ली मी लपवली आहे.

पण माझा हात दाराकडेच ओढला जातोय...