पेशंटनेच बघायचं

गंधालीला किळस यायला फार काही लागत नसे. हॉटेलातल्या ग्लासवर दुसऱ्याच्या ओठांचा ठसा दिसला की तिचं जेवण तिथेच संपलं. आणि इथे तर मुलुंडचं हे हॉस्पिटल: फिनेलचा वास, त्याखाली उकडलेल्या अंड्यांचा, वर खिडकीच्या फटीतून मेट्रोच्या कामाची धूळ. खुर्चीच्या अगदी कडेवर, पर्स मांडीवर घेऊन ती बसली होती.

तिचे बाबा, अनंतराव, कॉटवर पेपर वाचत होते. सीटी स्कॅनमध्ये त्यांच्या हृदयाच्या नळीत मोठा ब्लॉकेज दिसला होता. आज मनगटातून तार घालून तो उघडायचा होता. नाही उघडला तर पुढचा झटका जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी गंधालीला स्पष्ट सांगितलं होतं. बाबांना मात्र 'साधी तपासणी' एवढंच माहीत. आईचा, विमलाबाईंचा, तसा हुकूमच होता.

नर्स दिशा टॅबलेट घेऊन आली. "काकांना हा व्हिडिओ दाखवा. सगळं सोपं करून सांगितलंय. शेवटी 'समजलं' दाबायचं. पेशंटनेच बघायचं हं."

तिची पाठ वळताच आई कुजबुजली, "अजिबात दाखवू नकोस गं. सुई बघितली तरी चक्कर येते त्यांना. तूच बघ नि दाबून टाक."

आपल्याकडे असंच तर चालतं! गंधाली टॅबलेट घेऊन पॅसेजमध्ये गेली.

शी! काच चिकट होती आणि कोमट. कोणाकोणाची बोटं फिरली असतील, देव जाणे. तिने रुमालाने पुसली. रुमालावर पिवळट, ओशट डाग उमटला. पुन्हा पुसली, तर पुन्हा ओलसर, घामेजलेल्या तळहातासारखी.

पडद्यावर गुलाबी हृदय धडधडत होतं. नळीत चरबी, कढईत थिजलेल्या डालड्यासारखी. बाईचा गोड आवाज समजावत होता, "आता तुमचं मनगट साफ करू. तार आत सरकेल. अंग गरम होईल, तोंडाला लोखंडाची चव येईल. घाबरू नका." गंधालीने बोट सरकवून बघितलं, पण व्हिडिओ पुढे ढकलताच येईना.

शेवटी आवाजाने विचारलं, "तुम्हीच पेशंट आहात ना?"

तिने 'हो' दाबलं. मग 'समजलं'.

"छान," आवाज म्हणाला. "हात सरळ ठेवा."

बाबांना आत नेलं. गंधाली बाहेर बाकावर बसली. थोड्या वेळाने उजव्या मनगटाला गार लागलं, स्पिरिटचा वास आला. बघते तर तिथली लव साफ गेलेली.

आईला हाक मारायला तिने तोंड उघडलं. जिभेवर लोखंड.

मग काहीतरी मनगटातून वर सरकलं. बाहीत पाल शिरावी तसं. पण बाहीत नाही, कातडीच्या आत.

कोपर. दंड. खांदा.

छातीत येऊन ते थांबलं आणि चाचपायला लागलं.

ई गं! तिने हात झटकायला बघितला. हात मात्र सरळच राहिला. तिने ठेवला नव्हता.

डॉक्टर हसत बाहेर आले. "अभिनंदन! काही करावंच लागलं नाही. सीटीत गडबड असणार. नळ्या एकदम स्वच्छ, तिशीतल्या बाईच्या असाव्यात तशा!"

आईने तिथेच हात जोडले. गंधाली आत धावली. बाबांच्या मनगटावरची पट्टी तिने सरकवली. पांढरे केस जागच्या जागी. टोचल्याची खूण नाही.

तिच्या मनगटावर निळी गाठ होती, मधोमध ओलं भोक.

"डॉक्टर, पुन्हा करा! त्यांचं झालंच नाही, हे बघा!"

"ताई, पाणी प्या. टेन्शन घेतलंत तुम्ही."

तिने दिशाचा हात धरला. "तो व्हिडिओ बाबांना दाखव. प्लीज."

"त्यांचं झालंय की. एकदा 'समजलं' दाबलं की त्या पेशंटचा परत उघडत नाही."

दिशाच्या हातातल्या टॅबलेटला गंधालीने बोट लावलं. काच कोरडी होती. थंड.

"चल गं," बाबा चपला शोधत म्हणाले, "पाच रस्त्याच्या नाक्यावर गरम फाफडा खाऊ. मला काही झालेलंच नाही!"

ते खुशीत हसले. हसताना डावा तळवा शर्टाच्या खिशावर हळूहळू चोळत होते.

"गॅसेस," ते म्हणाले.